तिसरी तपासणी

रविवार, ६ जुलै

पोचलो एकदाचे! बाबा, मी, चार बॅगा आणि बाबांच्या हट्टापायी आणलेला लोखंडी तवा. विमानतळावर त्या तव्यापायी बॅग उघडावी लागली. बाबांनी तिथल्या ऑफिसरला हिंदीत समजावलं की नॉनस्टिकवर भाकरी धड होत नाही. तो बिचारा चिनी पोरगा ओके अंकल, ओके अंकल म्हणत राहिला आणि मी लाजून आपला पासपोर्ट वाचत बसले.

फ्लॅट वुडलँड्सला आहे, नवव्या मजल्यावर. भाडं त्यातल्या त्यात कमी म्हणून घेतला, पण जागा झकास निघाली. खिडकीतून पूल दिसतो आणि पुलापलीकडे मलेशिया. परदेशात बसून खिडकीतून दुसरा परदेश बघायचा, असं बाबा तीनदा म्हणाले. खालच्या कॉफीशॉपमध्ये त्यांनी इथली कॉफी प्यायली आणि बासुंदीत कॉफी सांडली आहे असा शेरा मारला. मग दुसरा कप मागितला.

आईला जाऊन आठ महिने झाले. इतक्या महिन्यांत बाबांनी आपणहून दुसऱ्यांदा काही मागितलेलं मी आज पाहिलं. इंटरव्ह्यूतच मी सांगून टाकलं होतं की वडील बरोबर येणार असतील तरच येईन. आईच्या वेळी झालं ते बाबांच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही. बाकी नोकरी काय, कुठलीही चालली असती.

गुरुवार, १० जुलै

ऑफिस घरापासून बसने दहा मिनिटांवर आहे. कंपनी छोटी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आम्ही एक पांढरं खोकं बसवतो. पलंगाशी एक बटण, बाथरूममध्ये एक दोरी. पडलं-झडलं तर ओढायची. खोक्यातून वायर निघते ती मजल्यावरच्या मीटरच्या कपाटात जाते, तिथला छोटा कॉम्प्युटर ती हाक ऐकतो आणि आमच्या कंट्रोल रूममध्ये फोन वाजतो. वायर जिथे टोचतात त्याला सीरियल पोर्ट म्हणतात. एकामागून एक अक्षर आत सोडणारं जुनं, गरीब भोक. त्या भोकाशी कान लावून बसणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो आता माझ्या गळ्यात.

तो लिहिला अभय सरांनी, बारा वर्षांपूर्वी. ते मार्चमध्ये निवृत्त होऊन कुडाळला गेले. मॅनेजर कुशल मुंबईचा आहे, सगळ्या गोष्टी कालच व्हायला हव्या होत्या असा चेहरा करून फिरतो. पण कंट्रोल रूममधल्या नंदाताई म्हणजे सोनं आहे. मूळच्या चेंबूरच्या, वीस वर्षं इथे. चिनी आजोबांशी होक्किनमध्ये, मलाय आजींशी मलायमध्ये आणि माझ्याशी अस्सल मराठीत भांडतात. माझ्या डब्यातली पोळी-भाजी पाहून हे कसलं आजाऱ्याचं जेवण म्हणाल्या आणि त्यांची भरली वांगी माझ्या ताटात उलटी केली. मला रडूच आलं, वेड्यासारखं. त्यांनी पाहिलं आणि तिखट लागलं का असं विचारलं. हो म्हणाले.

सोमवार, १४ जुलै

अभय सरांचा कोड वाचतेय. माणूस हुशार, पण दुधाने तोंड पोळलेला. ताक फुंकून पितात ते ठीक, हे पाणीसुद्धा फुंकतात!

म्हणजे असं. पोर्टच्या पलीकडे काही जोडलेलंच नसेल तर त्या जागी नल असतं, म्हणजे काहीच नाही, रिकामं. म्हणून हाक आली की आधी बघायचं, पलीकडे खोकं आहे ना? नसेल तर गुपचूप मागे फिरायचं. ही तपासणी रास्त आहे. पण अभय सर एकदा बघतात, चार सेकंद थांबतात, पुन्हा तेच बघतात, पुन्हा चार सेकंद थांबतात आणि तिसऱ्यांदा बघतात. मग फोन वाजतो. एकदा आहे म्हटल्यावर आठ सेकंदांत ते नाही कसं होईल? तपासणीचं टूल त्या सगळ्या ओळींखाली पिवळ्या रेघा मारून सांगतंय की या फोल आहेत, काढा. सव्वादोनशे ठिकाणी.

वर टीप काय, तर रोमन लिपीत मराठी. तीन हाका पुऱ्या होऊ द्या. काढू नका.

मी खो खो हसले. आता सर्व्हरला लिंबू-मिरची बांधायची तेवढी राहिली. घरी बाबांना सांगितलं तर ते हसले नाहीत. वरणात मीठ कमी आहे म्हणाले.

शुक्रवार, १८ जुलै

आज ठरवलं. काढणारच.

कुशलला मी शांतपणे सांगायला गेले होते, पण आवाज चढला. पडलेल्या माणसाला आठ सेकंद म्हणजे काय हे तुला माहीत आहे का, असं मी त्याला विचारलं. तो घाबरून काढ बाई, काढ, म्हणाला.

मला माहीत आहे म्हणून बोलले. इथे लिहून ठेवते, कुठेतरी लिहायलाच हवं. चौदा नोव्हेंबरला दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी आईचा मला फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. तिचे फोन दिवसातून चार वेळा यायचे, साबुदाणा भिजवू का विचारायला. मी कट केला आणि नंतर करते असा तयार मेसेज पाठवला. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पडली होती. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. संध्याकाळी साडेपाचला मी फोन केला तेव्हा बाबांनी उचलला आणि तू ये, एवढंच म्हणाले.

तिने एकदाच फोन केला. एकदाच पुरायला हवा होता. इथून पुढे कुणाची हाक माझ्या कोडमध्ये आठ सेकंद काय, एक सेकंद अडकणार नाही.

रविवार, २० जुलै

दुसरी आणि तिसरी तपासणी सगळीकडून साफ. कोड निम्म्यावर आला. मीटरच्या कपाटातल्या कॉम्प्युटरचं काम करणारी चाचणीची दोन खोकी ऑफिसमधून घरी आणली. एक कोरं, राखून ठेवलं. दुसरं जेवणाच्या टेबलावर बसवलं, त्यात माझाच नवा ड्रायव्हर. चार पोर्ट आहेत. एकाला बाबांचं बटण जोडलं, तीन रिकामे. मी ऑफिसात असताना बाबांनी बटण दाबलं की माझा फोन वाजणार. बाबांना बटण गळ्यात घालायला सांगितलं तर मी काय गाय आहे का घंटा बांधायला, म्हणाले. पण घातलं.

बुधवार, २३ जुलै

काल शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसच्या सहा ब्लॉकमध्ये (इथे अख्ख्या इमारतीला ब्लॉक म्हणतात) नवा ड्रायव्हर गेला. आज सकाळी एक मलाय आजोबा बाथरूममध्ये घसरले, दोरी ओढली, फोन तत्क्षणी वाजला. पाच मिनिटांत माणूस दारात. नंदाताईंनी कंट्रोल रूममधून येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. कुशलने सगळ्यांना कॉफी पाजली. घरी आल्यावर आईच्या फोटोसमोर उभी राहून तिला सांगितलं. खूप रडले, पण बरं वाटलं.

शुक्रवार, २५ जुलै

एक विचित्र गोष्ट.

नंदाताई जेवताना सहज म्हणाल्या की पासिर रिसच्या बाराव्या मजल्यावरची आजी परवापासून रोज दुपारी बोलावते. बोलत काही नाही. नळ चालू असल्याचा आवाज येतो आणि एक लांब श्वास. माणूस पाठवला तर दार बंद, हाक मारून उत्तर नाही. मग नंदाताईच फोनवर तिला समजावतात, येते हं आजी, येते. तेवढ्यावर ती शांत होते.

मी तो फ्लॅट यादीत शोधला. आजी मे महिन्यात गेली. घर रिकामं करून परत दिलंय. खोकं काढून आणलंय.

स्टोअरच्या कपाटात बघितलं. तिसऱ्या फळीवर ते खोकं आहे. बॅटरी काढलेली, वायर गुंडाळून रबर लावलेलं, वर धूळ.

मग नोंदी तपासल्या. एकटी आजी नाही, अशी अकरा घरं आहेत. सगळी रिकामी केलेली. हाक येते तेव्हा माझी एक उरलेली तपासणी बघते, तर पलीकडे कुणीतरी असतं. नल नसतं. मी मुद्दाम चार-चार सेकंदांनी नुसती नोंद करायला लावली. पहिल्यांदा असतं. दुसऱ्यांदा असतं. तिसऱ्यांदा कुणी नसतं. अकराच्या अकरा घरांत.

कुशल म्हणाला, दमट हवा, वायरी गंजतात, इथल्या राष्ट्रीय दिनानंतरच्या, ऑगस्टमधल्या रिलीजमध्ये बघू. मी हो म्हणाले. मला आठ सेकंद परत घालायचे नव्हते. अंगाला काटा आलेला असतानाही मी हो म्हणाले, हे लिहून ठेवते.

सोमवार, २८ जुलै

नंदाताई गेल्या.

काल रविवारी दुपारी घरच्या कपड्यांत बाहेर पडल्या. नवऱ्याला वाटलं खाली भाजीला गेल्या. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, या टोकापासून त्या टोकाला पासिर रिसला गेल्या. त्या ब्लॉकखाली लिफ्टसमोर दगडी बाकावर बसलेल्या सापडल्या. हार्ट फेल. चोपन्न वर्षांच्या होत्या. त्या ब्लॉकमध्ये त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या, नवरा परत परत हेच सांगत होता आणि माझा हात सोडत नव्हता.

येते हं आजी, येते. त्या तिला असं म्हणाल्या होत्या. माझ्या कोडने त्यांना फोन दिला आणि त्या येते म्हणाल्या.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मंगळवार, २९ जुलै

अभय सरांना कुडाळला फोन लावला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी एवढंच विचारलं की फोनवर ओ कुणी दिली. मी नंदाताईंचं नाव घेतलं. मलाही भरली वांगी खाऊ घालायच्या त्या, म्हणाले.

मग सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी अशाच हाका येत होत्या. त्याही वेळी एक ऑपरेटर गेली होती. वायरी बदलल्या, बोर्ड बदलले, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांना स्वतःच्या आजीचं बोलणं आठवलं. भर दुपारी कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, तिसरी हाक येईपर्यंत थांबावं. जिवंत माणूस तीनदा हाक मारतं. दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं. हे कुणाला सांगणार, म्हणून त्यांनी तीन तपासण्या लिहिल्या आणि हाका थांबल्या. एवढंच.

सगळं पूर्ववत कर म्हणाले. आणि कुणीही बोलावलं तरी ओ देऊ नकोस. आपलं माणूस असलं तर मुळीच नको, कारण तेव्हाच तोंडातून आपोआप निघते.

रात्रीपर्यंत बसून सव्वादोनशे जागी सगळं परत घातलं. सहाही ब्लॉकमध्ये पाठवलं. कुशलने विचारलं काय कारण लिहू. मी म्हटलं, चूक माझी, एवढंच लिही.

गुरुवार, ३१ जुलै

रिकाम्या घरांतून हाका थांबल्या. एकही नाही.

आज घरून काम केलं. घरचं खोकं यादीत नाही, त्यात अजून माझाच ड्रायव्हर आहे. बदलायला बसले होते, वायर हातात होती. तेवढ्यात ते वाजलं. बाबांच्या बटणाचा पोर्ट नाही. चौथा, रिकामा. त्याच्या भोकावरचं प्लास्टिकचं बूचही मी काढलेलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

इथले पाच दहा म्हणजे पुण्यातले दोन चाळीस.

खोक्याच्या स्पीकरमधून आवाज आला. नळ नव्हता. आमच्या ओट्याशेजारच्या फ्रिजची घरघर होती. जुना फ्रिज, डिसेंबरमध्ये विकला. आणि बांगड्या फरशीला लागल्याचा आवाज.

उत्तर द्यायचं हिरवं बटण दाबलं नाही. दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. दोनदा वाजलं आणि बंद झालं.

मी वायर खाली ठेवली. ड्रायव्हर बदलला नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पाच दहा. आज पुन्हा.

मी ओ देणार नाही. फक्त ऐकते. त्या दिवशी ऐकलं नाही, म्हणून आता ऐकते. एवढं केलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

बाबा त्या वेळी झोपलेले असतात. त्यांना कमी ऐकू येतं.

शनिवार, २ ऑगस्ट

आज शब्द होता. नीट नाही. अशू — आई मला म्हणायची तसं काहीतरी. अर्धवट, श्वासात.

आई, मी इथे आहे गं. इथे वहीत लिहिते, तोंडाने नाही म्हणत. मी फोन कट केला. मला माफ कर. मला माफ कर.

उद्या नक्की बदलेन ड्रायव्हर.

रविवार, ३ ऑगस्ट

बदलला नाही.

बाबांना ऐकू येतं. सगळं ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून.

आज संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. त्या दुपारी ते झोपलेले नव्हते. आईने स्वयंपाकघरातून अहो म्हणून हाक मारली. मग पुन्हा एकदा. ते डोळे मिटून पडून राहिले. देवगडला लहानपणी त्यांनाही हेच शिकवलं होतं, भर दुपारी तिसऱ्या हाकेशिवाय उठू नये. एवढ्याशा गोष्टीची सत्तर वर्षांची सवय. काही असेल तर तिसऱ्यांदा मारेल, असं मनात आलं. तिसरी हाक आली नाही. त्यांना बरंच वाटलं की काही नव्हतं. मग त्यांना खरंच झोप लागली.

जिवंत होती गं ती, असं म्हणाले. जिवंत होती आणि दोनदाच मारता आली तिला.

मी त्यांना धरून बसले. किती वेळ ते माहीत नाही. नऊ महिने हे पोटात घेऊन त्यांनी माझ्या हातचं वरण खाल्लं, कॉफीला नावं ठेवली, गळ्यात घंटा बांधून घेतली.

अभय सर काय म्हणाले ते मी त्यांना पुन्हा सांगितलं. नंदाताईंचं पुन्हा सांगितलं. तिने हाक मारली तरी ओ देणार नाही, अशी माझ्या गळ्याची शपथ घ्या, म्हटलं. त्यांनी शपथ घेतली नाही. जेवलीस का, विचारलं.

सोमवार, ४ ऑगस्ट

रजा घेतली. दुपारी एकला बसले. ड्रायव्हर बदलला. तिन्ही तपासण्या घातल्या, दोनदा वाचून बघितल्या. आता रिकाम्या पोर्टातून काही येऊ शकत नाही. संपलं. बाबांना सांगितलं. ते बरं म्हणाले आणि आत जाऊन पडले.

चार चाळीस. खोक्याचा हिरवा दिवा चालू नाही. वायर बघितली. टेबलावर आहे ते रोजचं खोकंच नाही.

रोजचं बाबांच्या खोलीत आहे, दाराच्या फटीतून दिसतंय. उशाशी. बटण उपटून टाकलंय. दार आतून लावलंय. मी दार ठोकतेय, ते म्हणतात झोपू दे गं जरा.

चार पन्नास. त्या खोक्यातला ड्रायव्हर मी बदललेलाच नाही. राखून ठेवलेलं दुसरं, कोरं, त्यांनी टेबलावर ठेवलं होतं आणि मी ते — मी बघितलंच नाही नंबर. ज्याच्यात माझा कोड आहे ते सकाळपासून त्यांच्याकडे —

पाच. खालच्या दुकानदाराला बोलावलंय दार तोडायला. येतो म्हणाला. काहीतरी करत राहायला हवं म्हणून लिहितेय. वही दाराला टेकवून. बाबांशी बोलत राहतेय. त्यांना म्हटलं, मला एकटी टाकून जाऊ नका. ते आतून म्हणाले तू शहाणी आहेस.

पाच नऊ. मी मोठमोठ्याने गातेय, काहीही, ओरडतेय, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून —

वाजलं.

एकदा. दारातूनही ऐकू येतंय. फ्रिज. बांगड्या. आणि अगदी स्पष्ट, आईचा, रोजचा, चहा झाला की मारायची तसा — अहो —

बाबा, नको. बाबा, थांबा, दुसरी होऊ दे, तिसरी होऊ दे, थांबा —

दुसरी येईपर्यंतही थांबले नाहीत. पलंग करकरला. आलो गं, म्हणाले. इतक्या घाईने, इतक्या — मी त्यांना इतकं आनंदात कधी —

कडी काढतायत. दार उघडतंय. मी मध्ये उभी राहते. मी सोडणार नाही, एका हाताने धरून —

अंगावर इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या मागे, स्वयंपाकघराकडे बघून हसतायत, आणि माझ्या मागून कुणीतरी